क्रूझवरची टिप आणि ग्रॅच्युइटी : मराठवाड्यातून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातून क्रूझला जाणाऱ्यांचे रस्ते साधारण तीन : सिंगापूर-मलेशियाच्या सहलीला जोडून तीन-चार रात्रींचं जहाज, मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीप, आणि लेक-जावई अमेरिकेत असतील तर कॅरिबियन किंवा अलास्का. कुठूनही गेलं तरी शेवटच्या सकाळी खोलीच्या बिलात एक ओळ दिसते आणि घरात वाद सुरू होतो, की हे पैसे आपण कबूल केले कधी? खालची सगळी उत्तरं त्या एका ओळीबद्दल आहेत.

ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरीतून निवृत्त झाल्यावर मिळते तीच का?

नाही. १९७२ च्या कायद्यामुळे आपल्याकडे हा शब्द निवृत्तीच्या रकमेला चिकटला आहे. म्हणून निवृत्त गुरुजींना बिलात 'ग्रॅच्युइटी' दिसली की ती जमा आहे की नावे, असा प्रश्न पडतो. जहाजावर ती नावे असते. तिथे या शब्दाचा अर्थ टिप. कंपनीप्रमाणे तिला 'सर्व्हिस चार्ज', 'हॉटेल सर्व्हिस चार्ज', 'क्रू अॅप्रिसिएशन' अशी वेगवेगळी नावं असतात. नाव कोणतंही असो, माणशी दररोज ठरलेली रक्कम आपोआप बिलात चढते.

टिप म्हणजे खुशीचा मामला. ती आपोआप कशी कापतात?

मोंढ्यात माल विकल्यावर हातात पडणारी पट्टी आठवा. भाव वर लिहिलेला असतो आणि खाली हमाली, तोलाई वजा केलेली असते. हमालाला कोणी खूश होऊन हमाली देत नाही. ती त्याची मजुरी आहे, फक्त ती पट्टीतून जाते. क्रूझची ग्रॅच्युइटी नेमकी तशी आहे. नावाला टिप, प्रत्यक्षात खोली झाडणाऱ्याच्या आणि ताट वाढणाऱ्याच्या पगाराचा भाग.

असं होण्याचं कारण जहाजाच्या झेंड्यात आहे. बहुतेक मोठी प्रवासी जहाजं बहामा, पनामा, माल्टा, बर्म्युडा अशा देशांत नोंदलेली असतात. जहाज मायामीहून सुटलं तरी अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा त्यावरच्या वेटरला लागू होत नाही. मूळ पगार कमी ठेवायचा, उरलेला प्रवाशाकडून टिपच्या नावाने घ्यायचा आणि जाहिरातीतलं भाडं स्वस्त दाखवायचं, अशी ही रचना आहे. ती प्रामाणिक नाही, असं आमचंही मत आहे. पण तिचा राग ताट वाढणाऱ्यावर काढून उपयोग नाही. भाड्याची तुलना करतानाच ही रक्कम भाड्यात मिळवा, म्हणजे शेवटच्या सकाळी धक्का बसणार नाही.

पूर्वी शेवटच्या रात्री वेटरला आणि खोलीवाल्याला पाकिटात रोख देण्याची पद्धत होती. तेव्हा आठवडाभर टेबल ठरलेलं, वेटर ठरलेला. २००० च्या सुमारास 'हव्या त्या वेळी, हव्या त्या टेबलावर जेवा' ही सोय सुरू झाली, रोज वेटर बदलू लागला आणि पाकीट कोणाला द्यायचं हेच कळेना. त्यानंतर आपोआप कापण्याची पद्धत सगळीकडे रुजली.

रक्कम किती असते?

अमेरिकी कंपन्यांत साध्या खोलीसाठी माणशी दररोज साधारण १६ ते २० डॉलर, मोठ्या स्वीटसाठी दोन ते पाच डॉलर जास्त. २०२३ मध्ये कार्निव्हलने साध्या खोलीचा दर १६ डॉलर केला, नॉर्वेजियनने २० डॉलर. हे दर दोन-तीन वर्षांनी वाढत आले आहेत, म्हणून बुकिंगच्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावरचा दर बघा. मागच्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याचा आकडा धरू नका. युरोपात फिरणाऱ्या जहाजांवर हिशोब युरोत असतो. सिंगापूरहून सुटणाऱ्या रिसॉर्ट्‌स वर्ल्डच्या (आताचं नाव स्टारड्रीम) जहाजांवर सिंगापूर डॉलर चालतो, तर त्याच बंदरातून सुटणाऱ्या रॉयल कॅरिबियनवर अमेरिकी डॉलर. हे दोन डॉलर एक समजून अनेकांचा हिशोब चुकतो.

घरचे चौघे, सात रात्री, दर १८ डॉलर धरला तर ४ × ७ × १८ = ५०४ डॉलर. डॉलर ९० रुपये धरून ४५,३६० रुपये. चारच रात्री असतील तर २८८ डॉलर, म्हणजे २५,९२० रुपये. मोजणी रात्रींवर होते. 'आठ दिवस सात रात्री' असेल तर सातनेच गुणा.

लेकरं, आजी-आजोबा, एकाच खोलीतला तिसरा-चौथा माणूस यांचेही लागतात का?

लागतात. भाड्यात तिसऱ्या-चौथ्या माणसाला सूट असते, 'लेकरं फुकट' अशी योजनाही असते. ग्रॅच्युइटीला त्यातलं काही लागू नाही. अगदी लहान बाळाला काही कंपन्या सोडतात, काही मोठ्या लेकरांचा दर निम्मा करतात आणि काही सरसकट पूर्ण दर लावतात. 'मुलांचं भाडं शून्य' वाचून सहा जणांची सहल ठरवणाऱ्यांचं गणित इथेच बिघडतं.

हे पैसे जातात कोणाकडे? कॅप्टनला मिळतात का?

कॅप्टन, बाकीचे अधिकारी आणि इंजिन रूमची माणसं यात नसतात. त्यांचा पगार वेगळा ठरलेला असतो आणि त्यांना रोख देऊ करणं अवघड वाटण्यासारखं आहे, ते टाळाच. पैसे प्रामुख्याने खोली झाडणारा केबिन स्टुअर्ड, जेवणघरातला वेटर, त्याचा मदतनीस आणि हेड वेटर यांच्यात वाटले जातात. काही हिस्सा न दिसणाऱ्यांना जातो : लॉन्ड्रीत चादरी धुणारे, भांडी घासणारे, बुफेची टेबलं पुसणारे. बारवाले, स्पावाले, कॅसिनोवाले यांचा हिशोब वेगळा.

टूरवाल्याने 'सगळं समाविष्ट' सांगितलंय. मग काळजी नाही ना?

सर्वांत जास्त भांडणं याच वाक्यावरून होतात. 'टिप्स समाविष्ट' यात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात : जहाजाची ग्रॅच्युइटी, सिंगापूर-मलेशियातल्या बसचालक आणि गाईडची टिप, आणि टूर मॅनेजर किंवा सोबत नेलेल्या महाराजांसाठी (स्वयंपाक्यासाठी) गोळा होणारी रक्कम. पैसे भरण्याआधी टूरवाल्याला तिन्हींबद्दल वेगवेगळं विचारा आणि उत्तर व्हॉट्सअॅपवर का होईना, लेखी घ्या. फोनवरचं 'हो हो, सगळं आहे आपल्याकडे' शेवटच्या दिवशी कामाला येत नाही.

पावतीत भाडं, बंदर शुल्क व कर आणि ग्रॅच्युइटी या ओळी वेगळ्या मागा. 'पोर्ट चार्जेस भरले' म्हणजे ग्रॅच्युइटी भरली असं नाही. पोर्ट चार्ज बंदराला जातो, त्यातलं वेटरला काही मिळत नाही.

मग जहाज कंपनीचा बुकिंग क्रमांक मागा. टूर कंपनीचा क्रमांक वेगळा असतो, तो चालणार नाही. जहाज कंपनीच्या अॅपमध्ये तो टाकला की ग्रॅच्युइटी आगाऊ भरली आहे की नाही, हे बहुधा दिसतं. 'प्रीपेड ग्रॅच्युइटीज' अशी ओळ हवी. ती नसेल तर निघण्याआधी विचारण्याची वेळ आहे. जहाजावर पोचल्यावर टूर मॅनेजर आणि प्रवासी यांच्या वादात जहाजाचा काउंटर पडत नाही.

पुढची पायरी पहिल्या रात्रीनंतरची. सकाळी अॅपवर किंवा खोलीतल्या टीव्हीवर आपलं खातं उघडा. आगाऊ भरलेली असूनही रोजची रक्कम चढली असेल तर बुकिंगचा कागद घेऊन त्याच दिवशी 'गेस्ट सर्व्हिसेस' काउंटरला जा. हे सहसा नोंदणीतल्या चुकीमुळे होतं : ग्रुपमधल्या एकाची खोली बदलली, नाव दुसऱ्या बुकिंगखाली गेलं, नाहीतर एजंटने भरणा उशिरा कळवला. पहिल्या दिवशी पाच मिनिटांचं काम असतं, शेवटच्या सकाळी तासाची रांग.

आगाऊ भरावी की जहाजावर?

बहुतेकांसाठी आगाऊ बरी. दोन कारणं. भरल्यानंतर दर वाढला तरी सहसा जुनाच दर राहतो. आणि सहलीचा खर्च घरीच कळतो, जहाजावर फक्त खाण्या-पिण्याचा आणि हौसेचा हिशोब उरतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. भारतातल्या एजंटमार्फत परदेशी सहलीच्या पॅकेजमध्येच ही रक्कम भरली, तर पॅकेजवर लागणारा टीसीएस (पैसे घेतानाच एजंट गोळा करतो तो आयकर) तिच्यावरही लागतो. तो पॅनवर जमा दिसतो आणि विवरणपत्र भरताना परत मिळतो किंवा वळता होतो, पण तेवढे पैसे काही महिने अडकतात. ज्यांचं पॅन-आधार जोडलेलं नाही त्यांनी आधी ते करून घ्यावं.

कॉफी घेतली तर बिलात परत १८ टक्के! हे दुसऱ्यांदा कसं?

ही वेगळी टिप आहे. रोजच्या ग्रॅच्युइटीत बारचा आणि कॉफी काउंटरचा माणूस येत नाही, म्हणून विकत घेतलेल्या प्रत्येक पेयावर १८ ते २० टक्के आपोआप लागतात. १० डॉलरचं मॉकटेल ११.८० ला पडतं. दारू न पिणाऱ्यांनाही हे लागू आहे. स्पा, मसाज आणि जादा पैसे देऊन जेवण्याची खास रेस्टॉरंटं इथेही असाच आकार असतो. पेयांचं पॅकेज घेतलं असेल तर हे टक्के पॅकेज घेतानाच वसूल झालेले असतात, प्रत्येक ग्लासमागे नव्हे.

खरा सापळा सहीच्या चिठ्ठीत आहे. तिच्यावर तळाशी 'जादा टिप' अशी एक रिकामी ओळ छापलेली असते. वर १८ टक्के लागलेले असतातच, पण घाईत माणूस तिथेही दोन-तीन डॉलर लिहितो. मुद्दाम द्यायचे असतील तर जरूर द्या. नसतील तर त्या ओळीवर रेघ मारून सही करा.

आम्हाला द्यायची नसेल तर ती ओळ काढता येते का?

बऱ्याच अमेरिकी कंपन्यांत येते. काही युरोपीय कंपन्यांत 'हॉटेल सर्व्हिस चार्ज' सक्तीचा असतो, तो कमी होत नाही. बुकिंगच्या अटींत 'डिस्क्रिशनरी' म्हटलं असेल तर तो ऐच्छिक आहे.

पद्धत अशी : उतरण्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत गेस्ट सर्व्हिसेसला जायचं, खोली क्रमांक सांगायचा, रक्कम कमी करायची की पूर्ण काढायची ते सांगायचं. ते कारण विचारतील, फॉर्म भरून घेतील. जहाज सोडल्यावर बहुतेक ठिकाणी काही करता येत नाही. आगाऊ भरलेली असेल तर जहाज सुटण्याआधीच, जिथे बुकिंग केलं तिथूनच बदल करावा लागतो.

आता आमचं मत. खोली दोन दिवस झाडलीच नाही, टॉवेल मागूनही आले नाहीत, अशी तक्रार असेल तर ती त्याच दिवशी सांगा. बहुतेक वेळा तासाभरात काम होतं. शेवटच्या दिवशी तक्रार सांगून पैसे काढले तर ते फक्त पैसे वाचवणं असतं, आणि काउंटरवरच्या माणसाला ते कळतं. शिवाय तक्रार एकाची असली तरी कात्री सगळ्यांच्या हिश्शाला लागते, कारण पैसे एकत्र जमून वाटले जातात.

'आपोआपची काढून टाकू आणि स्टुअर्डच्या हातात रोख देऊ' हा विचार वरून चांगला वाटतो. पण काही कंपन्यांत नियम असा आहे की, ज्या खोलीने आपोआपची टिप काढली तिथून मिळालेली रोख स्टुअर्डने जमा करायची. म्हणजे देण्याचं समाधान तुम्हाला, आणि हातात तेवढंच पडेल याची खात्री त्याला नाही. चादरी धुणाऱ्याला तर काहीच नाही.

भारतात हॉटेलात सर्व्हिस चार्ज सक्तीचा करता येत नाही ना?

बरोबर. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तेच सांगतात आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पण ती भारतातल्या हॉटेल-रेस्टॉरंटांसाठी आहेत. परदेशी झेंड्याच्या जहाजावर सिंगापूरच्या समुद्रात तिकिटाच्या अटी लागू होतात, आणि त्या अटी बुकिंग करताना 'मान्य आहे' दाबून तुम्ही स्वीकारलेल्या असतात.

मग त्यावर रोख काही द्यायचं का? किती आणि कोणाला?

सक्ती अजिबात नाही. आपोआपची दिली असेल तर कर्तव्य झालं. तरी ज्याने खास काही केलं त्याला लोक वरून देतात :

केबिन स्टुअर्डला आठवड्यासाठी खोलीमागे १० ते २० डॉलर, तीन-चार रात्रींसाठी ५ ते १०. आजींना चाकाची खुर्ची असेल, रात्री गरम पाण्याचा थर्मास भरून देत असेल, तर थोडे जास्त. पहिल्याच दिवशी निम्मे दिले तर सेवा सुधारते असं म्हणतात. आम्हाला ते पटत नाही, त्याला बिचाऱ्याला सगळ्याच खोल्या सारख्या झाडायच्या असतात.

रूम सर्व्हिस घेऊन येणाऱ्याला एक-दोन डॉलर. बिलात डिलिव्हरीचा आकार आणि टक्के आधीच लागले असतील तर तेही नको.

वेटरला, तो ठरलेला असेल तर, शेवटच्या रात्री हातात. बुफेत मात्र कोणाला द्यायचं हा प्रश्नच आहे. तिथे न देणं बरं.

शाकाहारी आणि जैन जेवणाबद्दल थोडं सविस्तर. कांदा-लसूण-बटाटा नसलेलं जेवण जहाजावर मिळतं, पण ते आदल्या दिवशी सांगावं लागतं, आणि सांगायचं हेड वेटरला. तोच उद्याचं जेवण लिहून घेतो, भटारखान्यात कळवतो आणि टेबलावर नीट पोचलं का ते पाहतो. सात दिवस तुमच्यासाठी वेगळी भाजी रांधली गेली असेल, तर वरची रोख सर्वांत आधी त्याची. कुटुंबाकडून १० ते २० डॉलर पुरे. ग्रुप मोठा असेल तर पाच-सहा कुटुंबांनी मिळून एकच पाकीट द्यावं. महाराज सोबत नेला असेल तर त्याचा हिशोब टूरवाल्याशी. जहाजाच्या हेड वेटरला मग या कारणासाठी देण्याची गरज नाही.

पैशांइतकीच उपयोगी गोष्ट म्हणजे नाव. सहल संपल्यावर ईमेलने सर्वेक्षण येतं, त्यात त्या माणसाचं नाव, काम आणि काय केलं हे दोन ओळीत लिहा. अशा नोंदींचा बढतीला आणि पुढच्या कंत्राटाला उपयोग होतो. त्याच्या छातीवरच्या पट्टीचा फोटो काढून ठेवला की नाव चुकत नाही.

सुटे डॉलर कुठून आणायचे?

इथूनच न्या. संभाजीनगरात परकीय चलनाचे अधिकृत विक्रेते आहेत, पण एक आणि पाच डॉलरच्या नोटा ऐन वेळी मिळतीलच असं नाही. आठ-दहा दिवस आधी मागून ठेवा. लातूर, नांदेड, परभणीकडच्यांनी बँकेत चौकशी त्याहूनही आधी करावी. साधारण २० नोटा एकच्या आणि १० नोटा पाचच्या इतक्या एका कुटुंबाला पुरतात. नोटा कोऱ्या घ्या, फाटक्या किंवा शाई लागलेल्या परदेशात कोणी घेत नाही. काही अडलं तर जहाजाच्या काउंटरवरही मोठी नोट मोडून मिळते.

परकीय चलनाच्या रोख नोटा एका सहलीला माणशी ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात. टिपसाठी त्याचा अगदी छोटा भाग पुरतो. रुपयांत टिप देऊ नका. फिलिपिन्सच्या किंवा इंडोनेशियाच्या माणसाला शंभराची नोट म्हणजे नुसता कागद, कारण जहाजावर ती बदलून मिळत नाही. नाणी तर कुठेच बदलत नाहीत.

बिल भरायला कोणतं कार्ड?

जहाजावर चढताना मिळणारं कार्ड म्हणजे खोलीची किल्लीही तेच आणि उधारीची वहीही तेच. त्यामागे तुमचं बँकेचं कार्ड जोडलेलं असतं. शक्यतो क्रेडिट कार्ड जोडा. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड (आधी परकीय चलन भरून घेतलेलं) जोडलं तर जहाज खर्चाच्या अंदाजाने पैसे अडवून ठेवतं. प्रत्यक्ष बिल वेगळं कापलं जातं आणि अडवलेले मोकळे व्हायला आठ-दहा दिवसही लागतात. मधल्या काळात सिंगापूरला उतरून खरेदी करायला गेलं की कार्ड नापास होतं. पैसे असतात, पण हातात नसतात.

क्रेडिट कार्डावर बँक परकीय व्यवहाराचे साधारण २ ते ३.५ टक्के घेते, वर त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. ४५,३६० रुपयांच्या ग्रॅच्युइटीवर ३.५ टक्क्यांनी सुमारे १,८७० रुपये जादा. हा आकार नसलेलं कार्ड असेल तर तेच न्या. आणि यंत्राने किंवा काउंटरने 'रुपयांत बिल हवं का?' असं विचारलं तर नाही म्हणा. रुपयांतला दर त्यांचा असतो आणि तो बँकेपेक्षा महाग पडतो. जहाजाच्याच चलनात भरा.

निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू करून मर्यादा वाढवा. भर समुद्रात ओटीपी येत नाही.

बंदरात उतरून फिरायला गेलो तर?

अर्ध्या दिवसाच्या सहलीत गाईडला माणशी दोन ते पाच डॉलर, चालकाला एक-दोन. ही टिप जहाजाच्या ग्रॅच्युइटीत नसते. जपानमध्ये देऊ नका, तिथे ती पद्धत नाही आणि बरेचदा परत केली जाते. अमेरिकेच्या बंदरांत बॅगा उचलणाऱ्या हमालाला बॅगेमागे एक-दोन डॉलर रीत आहे. तो बंदराचा माणूस असतो, जहाजाचा नव्हे.

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवरही हेच का?

कॉर्डेलिया कंपनीची क्रूझ २०२१ पासून मुंबईहून जाते आणि तिथला हिशोब रुपयांत असतो, त्यामुळे डॉलरची भानगड नाही. बुकिंगच्या शेवटच्या पानावर भाड्याखालच्या ओळी वाचा, ग्रॅच्युइटी आणि जीएसटी तिथेच धरलेत का ते दिसेल. पहिल्या पानावरचा आकडा धरून देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसची तिकिटं काढू नका. इथे वरून द्यायची असेल तर रुपयांत द्या.

बिलात चूक दिसली तर?

आदल्या रात्री पाहा. अॅपवर, टीव्हीवर किंवा दाराखाली सरकवलेल्या कागदावर बिल येतं. नेहमीच्या चुका : दुसऱ्या खोलीचं पेय, न उघडलेलं मिनीबार, आगाऊ भरूनही चढलेली ग्रॅच्युइटी. रात्री दहानंतर काउंटरवर गर्दी कमी असते. सही केलेल्या चिठ्ठ्या पाकिटात ठेवल्या असतील तर बोलणं दोन मिनिटांत संपतं.

सहल रद्द झाली तर ही रक्कम बुडते का?

सहसा नाही. भाड्यावर रद्दीकरणाची कात्री लागते, पण आगाऊ ग्रॅच्युइटी आणि बंदराचे कर बहुतेक कंपन्या पूर्ण परत करतात, कारण सेवा झालेलीच नसते. एजंट 'एकूण रकमेच्या अमुक टक्के' कापत असेल तर ओळीओळीने हिशोब मागा.

आमचा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट करून क्रूझवर निघालाय. पगारात टिप धरतात म्हणे. कागद कसा वाचायचा?

कंत्राटात तीन आकडे शोधा : मूळ पगार, ग्रॅच्युइटीतला हिस्सा, आणि हमी दिलेली किमान मासिक रक्कम. एजंट सांगतो तो मोठा आकडा अनेकदा तिन्हींची बेरीज असतो, किंवा भरलेल्या हंगामातल्या महिन्याचा असतो. विचारायचं एवढंच, की जहाज अर्धं रिकामं असेल तर काय मिळेल? उत्तर हमीच्या ओळीत असतं. ती ओळच नसेल तर पगार प्रवाशांच्या मर्जीवर आणि गर्दीवर आहे असं समजा.

कंत्राट साधारण सहा ते नऊ महिन्यांचं असतं, मधे सुट्टी नाही. दिवाळीनंतर कोयता घेऊन सहा महिने बाहेर राहणाऱ्या बीडच्या घरांना हे नवं नाही, पण ऊसतोडीसारखी इथेही 'उचल' आहे का, ते बघा. फरक इतकाच की इथे ती उलटी असते : नोकरी लावतो म्हणून एजंटच आधी पैसे मागतो. सागरी कामगार करार, २००६ हा भारताने २०१५ मध्ये मान्य केला आहे. त्यानुसार भरतीचं शुल्क खलाशाकडून घेता येत नाही. पासपोर्ट, वैद्यकीय प्रमाणपत्र, सीडीसी (खलाशाची नोंदवही) यांचा खर्च त्याचा, पण व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा खलाशी भरतीचा परवाना (आरपीएसएल) हवा. परवान्याचा क्रमांक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासा. ऑफिसच्या भिंतीवर टांगलेल्या प्रतीवर जाऊ नका, ती मुदत संपलेलीही असू शकते.

त्याच करारात विश्रांतीचे आकडे आहेत : २४ तासांत किमान १० तास, आठवड्यात ७७ तास. पगाराचा तपशील दर महिन्याला मिळाला पाहिजे. ग्रॅच्युइटीचा हिस्सा त्यात वेगळ्या ओळीत येतो का, हे पहिल्याच महिन्यात बघायला सांगा.

घरी येताना रोख डॉलर जवळ असतील तर विमानतळाचा नियम ठाऊक हवा. नोटा ५,००० डॉलरपेक्षा जास्त, किंवा नोटा आणि इतर परकीय चलन मिळून १०,००० डॉलरपेक्षा जास्त असेल, तर कस्टमकडे चलन जाहीरनामा भरावा लागतो. त्याची शिक्का मारलेली प्रत जपून ठेवायची, कारण पुढे बँकेत तेवढे डॉलर भरायला गेल्यावर तीच मागतात.